‘सुटका’ झालेल्या महिला पुढे कुठे जातात?

संपादक महोदय,

लॉजवर छापा, बनावट ग्राहक, दोन पंच आणि शेवटी ‘इतक्या तरुणींची सुटका’ अशा साच्यातल्या बातम्या आता नित्याच्या झाल्या आहेत. फौजदारी वकिली केलेली असल्याने त्यातील ‘सुटका’ हा शब्द मला खटकतो. ‘पिटा’, म्हणजे वेश्याव्यवसायासाठी होणारा अनैतिक व्यापार रोखणाऱ्या कायद्याच्या कलम १७ नुसार अशा छाप्यात ताब्यात घेतलेल्या महिलेची दंडाधिकाऱ्यांपुढे चौकशी होते आणि तिला संरक्षणाची गरज आहे असे ठरल्यास एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते. म्हणजे दलाल जामिनावर बाहेर आणि सुटका झालेली कुलपाआड, असेही घडू शकते. या चौकशीत दंडाधिकाऱ्यांच्या मदतीला पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे, त्यांतही शक्यतो तीन महिलांचे, मंडळ बोलावण्याची सोय कायद्यात आहे. माझ्या वकिलीच्या काळात असे मंडळ बसलेले मी एकदाही पाहिले नाही.

मुंबईत ताब्यात घेतलेल्या तिघी सज्ञान तरुणींना वर्षभर उत्तर प्रदेशातील संस्थेत ठेवण्याचा आदेश सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. वेश्याव्यवसाय करणे हा या कायद्यानुसार स्वतःहून गुन्हा ठरत नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या संमतीविना डांबून ठेवता येत नाही, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. तरीही याच कायद्याचे कलम ८ सार्वजनिक ठिकाणी ग्राहकाला खुणावणाऱ्या स्त्रीला पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते, तर तोच गुन्हा पुरुषाने केल्यास कमाल तीन महिने. १९८६ च्या दुरुस्तीने आलेला हा भेद आजही टिकून आहे!

याचा अर्थ मानवी तस्करी होत नाही, असा मुळीच नाही. नोकरीच्या किंवा लग्नाच्या आमिषाने आणलेल्या मुलींच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार संमतीचा प्रश्नच उरत नाही आणि पीडित अल्पवयीन असल्यास किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. परंतु खटला उभा राहतो तो त्या मुलीच्या साक्षीवर, आणि समन्स निघेपर्यंत ती बंगालमधल्या किंवा नेपाळमधल्या आपल्या गावी परतलेली असते, जिथे तिला घेऊन जाणारा माणूस पुष्कळदा ओळखीचा, कधी नात्यातलाही असतो. तिने साक्ष फिरवली तर नवल कसले? आरोपी सापडला नसतानाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते, हे तिला कोणी सांगितलेलेही नसते.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान महिलांचा आढावा घेऊन त्यांना मुदतीत सोडण्याची प्रक्रिया करावी, असे निर्देश राज्यांना दिले. छाप्यांच्या बातम्यांत महिलांची ओळख उघड होऊ नये, हेही बजावले. तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या, पोलिसांच्या रांगेसमोर उभ्या केलेल्या महिलांची छायाचित्रे मात्र अद्याप छापून येतात. ती थांबवावीत. छाप्याची बातमी दिल्यावर सहा महिन्यांनी त्याच वार्ताहराने आरोपपत्र दाखल झाले का, दलाल कुठे आहे आणि त्या महिला संरक्षणगृहात आहेत की घरी, एवढे तरी विचारून छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त वकील, सांगली