डॉक्टर घडवायचा तर गावात घडवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी १० नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. त्यांतली अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली ही पाच आपल्या विदर्भातली. इमारती कधी होणार, प्राध्यापक कुठून आणणार, यावर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण तिथल्या मुलांना शिकवायचं काय, यावर कोणी बोलत नाही. यवतमाळ जिल्ह्यात जवळजवळ तीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेला डॉक्टर म्हणून मला त्यावर बोलायचं आहे.

१९९१ चा पावसाळा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होऊन मला सहा महिनेही झाले नव्हते. पहाटे साडेचारला बैलगाडीतून एका तरुण शेतमजुराला आणलं. रात्रीपासून पोटात कळा आणि दोन उलट्या. मी पोट दाबून पाहिलं, सलाईन लावायला सांगितलं आणि इंजेक्शन लिहू लागलो. आमचे परिचर कंदील धरून उभे होते. ते हळूच म्हणाले, "सायेब, पोट राहू द्या जी. याचे डोये पाहा."

पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. त्याला वर पाहायला सांगितलं, तर त्या उचलेनात. मण्यार चावली होती. हा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेल्याला झोपेतच होतो आणि पहाटे पोटदुखीने माणूस उठतो. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही मिळवले होते. समोर रोगी आला तेव्हा ते ओळखलं चौथी शिकलेल्या परिचराने. होतं तेवढं प्रतिविष दिलं आणि त्याला जीपमध्ये घातलं. श्वास मंदावला तसा जिल्हा रुग्णालयापर्यंत मी, परिचर आणि रोग्याचा भाऊ, आम्ही तिघांनी आळीपाळीने अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबली. तो वाचला.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. घरात बाज एकच, ती म्हाताऱ्या आईला. बाकीचे पाच जण ओल्या जमिनीवर, धान्याच्या पोत्यांना लागून झोपत. पोत्यांमागे उंदीर, आणि उंदरांमागे साप. मच्छरदाणी अख्ख्या वस्तीत नव्हती. तेव्हा कळलं की या रोगावरचा अर्धा उपचार माझ्या कपाटात नव्हताच. सरपंचांशी बोलून मच्छरदाण्या आणि बाजा मिळवायला पुढची दोन वर्षं गेली. ग्रामसभेत उभं राहून बोलायचं कसं, चिडलेल्या माणसाचं ऐकून कसं घ्यायचं, हे मला कोणत्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं.

नेतृत्व म्हणतात ते हेच. वयाच्या पंचविशीत एमबीबीएस झालेला मुलगा ३०,००० लोकसंख्येच्या (आदिवासी भागात २०,०००) केंद्राचा प्रमुख होतो. त्याच्या हाताखाली त्याच्या आईच्या वयाच्या सिस्टर असतात, ड्रायव्हर असतो, उपकेंद्रांवरच्या एएनएम (परिचारिका) असतात आणि मोबदला थकलेल्या आशाताई असतात. बैठकीत तो रजिस्टरं तपासतो आणि रागावतो. कोणत्या घरातली गरोदर बाई माहेरी गेली, कुणाच्या पोराला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, कोण दारू पिऊन बायकोला दवाखान्यात येऊ देत नाही, हे आशाताईला ठाऊक असतं. तिला कोणी विचारत नाही. न विचारण्याची ही सवय आम्ही कॉलेजातच लावतो.

दुसरा रस्ता आपल्याच विदर्भात आहे. सेवाग्रामचं कॉलेज डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये काढलं. तिथे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि पहिल्याच वर्षी त्या गावात शिबिराला राहते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायांना घरोघरी नवजात बाळं तपासायला आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशाच्या धोरणात गेलं. डॉक्टरने आपली विद्या स्वतःपाशी न ठेवता दुसऱ्याच्या हाती दिली, म्हणून हे झालं. याहून मोठं नेतृत्व मला माहीत नाही.

आता विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घेण्याची योजना सगळ्याच कॉलेजांना लागू आहे. मी एका गावात पाहिलं. बस आली, मुलं उतरली, बीपी मोजला, फॉर्म भरले, फोटो काढला आणि दोन तासांत बस परत गेली. एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकासाठी (गाव-वस्तीच्या आरोग्यासाठी) १२ आठवडे आहेत. त्यांतले किती आठवडे मुलं गावात असतात, हे अधिष्ठात्यांनी एकदा स्वतः येऊन पाहावं. मुलांना मी दोष देत नाही. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या २०० प्रश्नांवर ज्यांचं सगळं पुढचं आयुष्य ठरतं, ती मुलं केंद्राच्या खोलीत एमसीक्यू (पर्यायी उत्तरांचे प्रश्न)च सोडवणार. दोष आमचा, शिकवणाऱ्यांचा आहे. गावातल्या कामाला आम्ही एक गुणसुद्धा ठेवला नाही.

म्हणून या पाच नव्या कॉलेजांकडे माझं मागणं आहे. इंटर्नने ते १२ आठवडे केंद्रावर मुक्कामी राहावं. त्याच्या कामाचा शेरा प्राध्यापकाबरोबर एएनएम आणि आशाताईनेही द्यावा, आणि त्या शेऱ्याशिवाय इंटर्नशिप पूर्ण धरू नये. बंधपत्रावर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) येणाऱ्या डॉक्टरला पहिला आठवडा ओपीडी न देता उपकेंद्रं आणि वस्त्या फिरवाव्यात. याला पैसा फारसा लागत नाही. राहायला धड खोली आणि मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह मात्र लागतं, तेवढं आधी करा.

कुठल्याही कॉलेजने बोलावलं तर मी स्वखर्चाने यायला तयार आहे. आमचे परिचर आता पंचाहत्तरीला आले आहेत, पण प्रवास करू शकतात. त्यांनाही घेऊन येईन. पहिला तास त्यांनी घ्यावा.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी
जि. यवतमाळ