चौकातले दगड

नाशिक, 9 मे

प्रिय बापू,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, रागावला असशील. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. माझी तब्येत बरी, बीपीची गोळी चालू. आईचे गुडघे तसेच.

वाडा पाडला रे.

आपल्या जिन्याचा कठडा भंगारवाल्याच्या गाडीवर दिसला तेव्हा कळलं. तसाच मालकांच्या मुलाकडे गेलो आणि चौकातले दगड मागितले. "न्या की काका, आम्ही भरावातच टाकणार होतो," म्हणाला. 34 निघाले. 2 फूट बाय दीड फूट, 6 इंच जाड. एकेक सव्वाशे किलोच्या आसपास असेल, चार माणसांशिवाय हलत नव्हता. ट्रॅक्टरच्या दोन खेपा झाल्या. आता ते मागच्या अंगणात जांभळाजवळ पडलेत आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी जाऊन बसतो.

आईला मागच्या दारापासून तुळशीपर्यंत वाट करून द्यायचीय. 30 फूट लांब, 3 फूट रुंद, बस. पण आमची माती काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात चपलेला किलोभर चिखल. गेल्या आषाढात आई काठी टेकत दारापर्यंत यायची, तिथूनच तुळशीला हात जोडायची आणि परत फिरायची. ते बघवत नव्हतं. तेव्हाच ठरवलं की पुढच्या पावसाआधी वाट झाली पाहिजे.

मग दुकानं पालथी घातली. घोटलेल्या कोटा फरशीवर तिथल्या तिथे बाटलीभर पाणी ओतलं आणि चप्पल घालून पाय टाकला, तर दुकानदारानेच माझा दंड धरला. तो बाद. खरखरीत कोटा चांगला आहे, शहाबादीही स्वस्त आणि मस्त, पण दोन्ही पडले चुनखडीचे दगड, त्यांना आंबट सोसत नाही. शेजाऱ्यांनी कोट्यावरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरलं, डाग गेले आणि हिरव्या फरशीवर पांढुरके चट्टे कायमचे राहिले. आमचं कागदी लिंबाचं झाड नेमकं वाटेवर वाकलंय, पिकलेली लिंबं खाली पडून फुटतात. शिवाय जूनमध्ये जांभळांचा सडा. फिक्या फरशीवर तो जांभळा डाग बसला की बसला.

मिस्त्री म्हणतो, पेव्हर ब्लॉक टाका. चालायला 60 मिलिमीटरचे पुरतात, गाडी न्यायची असेल तर 80 चे. खचले तर उचलून खालचं सारखं करायचं आणि तेच परत बसवायचे, हा त्यांचा मोठा गुण. पायाला पकडही चांगली. त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि दगड दारात येऊन पडले नसते तर मी पेव्हरच घेतले असते.

पण बापू, हा आपला काळा पाषाण आहे. सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पांडवलेणी त्यातच कोरली, काळाराम त्यातूनच उभा राहिला. त्याला लिंबू काही करत नाही, जांभळाचा डाग त्याच्यावर दिसत नाही. उन्हात तापतो हे खरं, वैशाखात दुपारी अनवाणी उभं राहवत नाही. पण आई जाते सकाळी सहाला.

मिस्त्रीशी बसून सगळं ठरवलंय. 13 इंच खणायचं. काळी माती फुगते आणि आकसते, तिच्यावर नुसतं काही ठेवलं की वर्षात वाकडंतिकडं होतं, म्हणून 6 इंच मुरूम टाकून धुम्मसाने ठोकायचा, वर 2 इंच दगडाची बारीक कच, मग दगड. म्हणजे तो जमिनीच्या इंचभर वर राहील. सांधे सिमेंटने भरायचे नाहीत, पाणी जांभळाच्या मुळांना मिळू दे. पण सांधा अर्ध्या इंचाहून मोठा नको, आईच्या काठीचं टोक अडकेल. आणि दर 5 फुटाला 1 इंच ढाळ. वाड्याचा चौक ट्रॉली येण्याआधी मी लेव्हल पाईप लावून मोजला होता, मोरीकडे बरोबर तेवढाच उतार होता. म्हणजे तुझी गोटी कायम मोरीकडे जायची ते खरंच उतारामुळे! चाळीस वर्षं मी तुला रडका म्हणत आलो. माझ्याकडे तुझ्या अकरा गोट्या निघतात.

आता जे लिहायला बसलो ते.

हे तेच दगड आहेत ज्यांच्यावर आक्का पडली. श्रावणी सोमवार, हातात बेलाचं तबक. पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी दगड गुळगुळीत झालेले, मधे खोलगट, त्यात पाणी साचून शेवाळ धरलेलं. खुबा मोडला तो मोडलाच. तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "सकाळी याने सायकल धुतली." मी नाही म्हणालो. दसऱ्यापर्यंत आपण बोललो नाही. मीच धुतली होती, बापू. नळापासून मधल्या दगडापर्यंत पाणी माझंच होतं. आक्काला हे मी कधी सांगितलं नाही, तुलाही नाही.

आणि आज तेच दगड मी माझ्या आईच्या पायाखाली घालायला निघालोय.

आईला विचारलं तर म्हणाली, "दगडाचा काय दोष? घासायचा आळस आपला." पण माझं मन धजत नव्हतं. मग पंचवटीतला एक म्हातारा पाथरवट भेटला. त्याने एका दगडावरून तळवा फिरवला आणि म्हणाला, पाट्याला लावतो तशी सगळ्यांना टाकी लावून देतो. खोलगट भाग वरचा थर काढून सपाट करायचा आणि चालण्याच्या आडवे घाव द्यायचे. एका दगडाचा कोपरा करून दाखवला. त्यावर पाणी ओतून मी ओल्या पायाने उभा राहिलो, तळव्याला प्रत्येक घाव लागत होता. जरासाही सरकलो नाही. शेवाळ मात्र पावसाळ्यात दर आठवड्याला खराट्याने घासणार, ते काम मी कुणावर सोडणार नाही.

तुझ्याकडची हालहवाल कळव. छकुलीचा निकाल लागला का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? काकूंना साष्टांग नमस्कार. नागपूरच्या उन्हात दुपारी फिरू नकोस.

या दगडांत एक तो आहे. आक्काने खिळ्याने कोरून दिलेला आपला वाघ-बकरीचा पट, रेघा पुसट झाल्यात पण बोटाला लागतात. टाकी लावली की तो जाणार. वाटेला 30 दगड पुरतात, तेव्हा याच्यावाचून अडत नाही. तुळशीशेजारी बसायला ठेवू, की ट्रकवाल्याशी बोलून तुझ्याकडे पाठवू? पाथरवट रविवारी येतोय. त्याआधी कळव. तोवर मी तो गोणपाटाखाली वेगळा काढून ठेवलाय.

तुझा,
दिनू