महाद्वार रोडच्या लॉजमधल्या मंडळींचे आभार

आईला घेऊन कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आले होते. महाद्वार रोडलगतच्या बोळातलं साधं लॉज, खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मध्यरात्री आईची साखर एकदम उतरली. दरदरून घाम, बोलणं अडखळायला लागलं. मी जिन्यातूनच हाका मारल्या. काउंटरवरचा मुलगा साखरपाणी घेऊनच वर आला, चमच्यानं घोट घोट पाजलं.

मग त्यानं आणि शेजारच्या खोलीतल्या काकांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. जिना इतका अरुंद की वळणावर खुर्ची वर उचलून फिरवावी लागे. दर वळणाला तो म्हणायचा, "आज्जी, भिऊ नगा, घट्ट धरलंय." (दुपारी हाच मुलगा आधार कार्डाच्या झेरॉक्सवरून माझ्याशी हुज्जत घालत होता!)

रिक्षावाले मामा सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या दारात उजाडेपर्यंत थांबले, थांबल्याचे पैसे घेतले नाहीत. सकाळी परतलो तर मालकीणबाईंनी घरून मऊभात पाठवलेला, आणि खोली सोडायची वेळ टळल्याचा कुणी विषयही काढला नाही.

आई आता ठणठणीत आहे. मऊभाताचा डबा गडबडीत आमच्याबरोबरच आलाय, पुढच्या खेपेला आणून देते.