वेळेवर सर्व्हिसिंग

नाशिक, १९ जानेवारी

प्रिय बंड्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा 'उद्या करतो' म्हणालो होतो, आणि आता संक्रांतही उलटली. शिव्या घाल, पण आधी वाच. आईचा गुडघा तसाच आहे, माझी शुगर ठीक.

गेल्या रविवारी आम्ही गिरणाऱ्याहून येत होतो. गंगापूर धरणाचं पाणी दिसायला लागलं तशी ही म्हणाली, "पाच मिनिटं थांबू ना." सूर्य अगदी टेकला होता. मी म्हणालो, "मागच्या चाकात हवा कमी वाटतेय, उजेड आहे तोवर पंप गाठू." ती गप्प बसली. पंपावर हवा भरली, व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघत होतो, तेव्हा शांतपणे म्हणाली, "माझीही सर्व्हिसिंग तू अशीच वेळेवर करतोस रे."

भांडली असती तर बरं झालं असतं.

चौदा वर्षं झाली. तिच्या स्कूटरची पीयूसी, विमा, थंडीत ती उठायच्या आत गीझर, डब्यात चटणीची वेगळी डबी. एक दिवस चुकलेलं नाही. माझ्या लेखी हेच प्रेम. आमच्या घरात दुसरं पाहिलंय कुठे? अण्णा पंचवटीतून गजरा आणायचे, देवापुढे ठेवायचे, आई तिथूनच उचलून माळायची. दोघंही अवाक्षर काढायचे नाहीत.

भाची मानसशास्त्र शिकतेय. तिने सांगितलं, कॅनडातल्या जॉन ॲलन ली यांनी १९७३ मध्ये प्रेमाचे रंग मांडले. मूळ तीन: इरॉस म्हणजे ओढ, ल्युडस म्हणजे खेळ, स्टॉर्गे म्हणजे मैत्रीतून सावकाश मुरलेली माया. खेळ आणि माया मिसळली की प्रॅग्मा, हिशेबी, व्यवहार बघणारं. ओढ आणि खेळातून मॅनिया, ओढ आणि मायेतून अगापे, स्वतःला विसरून देणारं. पुढे १९८६ मध्ये हेंड्रिक नवरा-बायकोने त्यावर ४२ विधानांची प्रश्नावली केली. आम्ही दोघांनी ती वेगवेगळ्या खोल्यांत बसून भरली. माझं स्टॉर्गे आणि प्रॅग्मा, तिचं इरॉस. लीने कुठलाच रंग खरा किंवा खोटा ठरवला नव्हता म्हणे. पण बंड्या, मी चौदा वर्षं माझाच रंग तिला देत आलो आणि तिला कुठला हवा ते विचारलंच नाही. तिने मागितली होती ती पाच मिनिटं.

तुझी कावीळ आठवते? २१ दिवस डबा आणला. बिनतेलाची दुधी खाऊन तू झोपेत मिसळीची ऑर्डर द्यायचास! आणि बरा झाल्यावर भांडलास, "डबा ठेवून पळायचास, मी काय कैदी होतो?" मला वाटलं, किती कृतघ्न माणूस. वर्षभर धुमसत होतो. तेच वाक्य आता पंपावर ऐकू आलं.

नव्या घराचा ताबा मिळाला का? चिरंजीवांची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

पण आधी एक सांग, नीट आठवून. मी दारात डबा ठेवून वळायचो, तेव्हा तुला काय हवं असायचं? नुसतं बसायला हवं होतं, की काही बोलायला? हिला विचारायच्या आधी मला तुझ्याकडून कळायला हवंय.

तुझा,
नंदू