माळ्यावर सापडलेलं पुस्तक

प्रिय आई-बाबा,

आधी हे वाचा, नौपाड्याचं घर विकलेलं नाहीये आणि विकणारही नाही. फक्त नेरूळला माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये तुमच्यासाठी वन बीएचके भाड्याने घेतलाय, डिपॉझिट भरून झालंय. विचारायला हवं होतं, माहितीय. पण बाबा म्हणाले असते दिवाळीनंतर बघू, आणि तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे हे असे, गेल्या दिवाळीनंतर पण आपण बघतच होतो ना.

तुम्ही नाशिकला ताईकडे आहात तोवर आवरावं म्हणून माळा काढला, तर आईच्या बरण्यांमागे बाबांचं हॅगार्डचं 'किंग सॉलोमन्स माइन्स' मिळालं, ती आफ्रिकेत हिऱ्यांच्या खाणी शोधत निघालेल्या साहेबांची गोष्ट, खाकी कव्हरसकट. आवरणं राहिलं बाजूला, रात्री एकपर्यंत वाचत बसले.

बाबा, किती फेकलंत हो! लाइट गेल्यावर तुम्ही सांगायचात त्यात हत्ती नुसते पळून जायचे, इथे हस्तिदंतासाठी धडाधड पाडलेत, आणि त्या साहेबांतल्या कॅप्टन गुडला वाचवताना तो खिवा, त्यांचा नोकर पोरगा, मरतो. तिकडच्या त्या फौलाटा मुलीचं तर तुम्ही गुडशी लग्न लावून दिलं होतंत, आईने वर लाडू पण दिला होता. इथे ती म्हातारी चेटकीण गगूल तिला सुरा मारते. एवढी घोडी झाले तरी रडले. नोकर म्हणून आलेल्या उंबोपाचं मात्र खरं निघालं, तोच राजा, आणि बंदुका-दारू विकणाऱ्या गोऱ्यांना शेवटी येऊ देणार नाही म्हणून ठणकावतो, मला वाटायचं ते तुम्हीच घुसडलंय. साहेबांचा तोरा आता खटकतो, तुमच्या गोष्टीत बरे ते गपचूप सामान उचलायचे.

आणि गोष्टीतल्या ग्रहणाबद्दल सॉरी. माझ्या शाळेच्या पुस्तकात चंद्रग्रहण होतं म्हणून केवढी भांडले होते तुमच्याशी. तुमच्या प्रतीत सूर्यग्रहणच आहे! शोधलं तर 1885 ला पहिल्यांदा आलं तेव्हा सूर्यच होता, हॅगार्डने नंतर चंद्र केला.

गंमत म्हणजे ही सगळी गोष्ट पुस्तकातला 55 वर्षांचा एक बाप लिहितोय, सिंहाने धरलेला पाय दुखतो म्हणून डर्बनला पडून, लंडनला डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलासाठी. तुमचा गुडघा सिंहाने धरलेला नाही, त्यामुळे गुरुवारी डॉक्टरकडे यायचंच, नंबर लावलाय.

आई, ओटा खिडकीशी आहे, सकाळचं ऊन येतं, तुळस मजेत राहील. गीझर नवीन, भाजीवाला खालीच. तलावपाळी आठवली की ठाणे लोकल थेट आहे, मी घेऊन जाईन, एकटं जायचं नाही. नाही आवडलं तर दोन महिन्यांत परत, प्रॉमिस.

रविवारी मी गाडी घेऊन येते. आई, बीपीची गोळी चुकवू नकोस. बाबा, कवळी रुमालात नाही, डबीत ठेवायची. गुडची कवळी बघून गोष्टीतल्या कुकुआना लोकांना तो देव वाटला, तुमची हरवली तर मलाच डेंटिस्टकडे पळावं लागेल.

पुस्तक नेरूळला तुमच्या उशाशी ठेवलंय. चिंटू गोष्ट ऐकायला बसलाय, फौलाटाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
ठमी