पदके मोडीत देण्याआधी त्यांची कड वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने विचारले होते की, घरात पणजोबांची पहिल्या महायुद्धातली तीन पदके आहेत, त्यातले एक चांदीचे आहे, तर ती ठेवावीत की मोडीत द्यावीत? उत्तरात चांदीचा भाव सांगितला होता आणि जुन्या वस्तू घेणाऱ्यांकडे चौकशी करण्याचा सल्ला होता. तो वाचून मला राहवले नाही. पदक हा घरातला दस्तऐवज असतो. तो वाचता येतो, आणि एकदा वितळला की कायमचा गेला. हे मी कुठे शिकलो ते सविस्तर सांगतो.

मी नौदलात इंजिनरूम आर्टिफिसर होतो. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकलो आणि उमेदीची वर्षे जहाजांच्या पोटात काढली. मुलगी हॅम्बुर्गला असते, त्यामुळे निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने तिच्याकडे मुक्काम असतो. खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहतात. मी इंजिनवाला आहे हे कळल्यावर त्यांनी सिगारचा एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आजोबा पहिल्या महायुद्धात झेपेलिनवर, म्हणजे वायूने भरलेल्या प्रचंड जर्मन वायुनौकेवर, मशिनिस्ट होते, त्यांच्या वस्तू. पुतण्या त्या एकेक करून लिलावात घालायच्या विचारात होता. त्याआधी आजोबांनी नेमके काय केले, हे बाईंना जाणून घ्यायचे होते. घरात एवढेच सांगत आले होते की, आजोबांनी लंडनवर बॉम्ब टाकले.

डब्यात तीन पदकांची एक पट्टी होती, एक लंबगोल बिल्ला, कोपरे झिजलेले सैन्यसेवेचे पुस्तक, घडीवर फाटलेले एक प्रमाणपत्र आणि ड्युरॅल्युमिनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूच्या, जाळीचा बोटभर तुकडा. तो तुकडा तळहातावर घेतला तर वजनच जाणवेना. पत्रा कागदासारखा पातळ आणि त्यावर ओळीने रिव्हेट. जवळजवळ २०० मीटर लांबीचे जहाज असल्या काड्यांवर उभे करून त्यात हायड्रोजन भरत आणि त्याखाली माणसे बसवत. मी तो बराच वेळ हातातून खाली ठेवू शकलो नाही.

पट्टीवरचे पहिले पदक आयर्न क्रॉस, दुसरा वर्ग. काळा लोखंडी गाभा, भोवती चांदीची चौकट, खालच्या टोकाला १९१४. घरच्यांची समजूत अशी की, आजोबांना तो १९१४ मध्ये मिळाला. पण ते साल पदकाच्या त्या युद्धातल्या पुनःस्थापनेचे आहे, १९१८ मध्ये दिलेल्यावरही तेच असते. मागच्या बाजूला १८१३ आहे, तो या सन्मानाच्या आरंभाचा. नाव मात्र कुठेच नाही. हे क्रॉस सुमारे ५० लाख वाटले गेले. कडीवर कधी बनवणाऱ्याची खूण सापडते, शिपायाची नाही. म्हणजे एकटा क्रॉस विकला की तो कुणाचाही होतो.

दुसरे पदक अधिक बोलके निघाले. लाल मिन्याचा क्रॉस, मधोमध तीन बुरुजांचा किल्ला. हा हॅम्बुर्ग शहराचा हान्सा क्रॉस. असाच क्रॉस ब्रेमेनने दिला त्यावर किल्ली असते आणि ल्यूबेकच्या क्रॉसवर दुतोंडी गरुड. म्हणजे माणसाचे हॅम्बुर्गशी नाते पदकावरच उमटलेले. तिसरा तलवारींसह असलेला महायुद्धाचा सन्मान क्रॉस. तो १३ जुलै १९३४ रोजी जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी मरणाच्या तीन आठवडे आधी सुरू केला. तलवारी म्हणजे आघाडीवर लढलेला. त्यामुळे ही पट्टी शिंप्याकडून शिवून घेतली ती १९३४ नंतर, हेही आपोआप ठरले. फाटके प्रमाणपत्र याच क्रॉसचे होते. त्यावर नाव आणि तारीख आहे, खाली पोलीस अधिकाऱ्याचा शिक्का आणि सही. कागद हिटलरच्या राजवटीतला म्हणून बाईंना तो दाखवायला संकोच वाटत होता. मी म्हटले, "बाई, या पदकाला नाव देणारा सगळ्या डब्यात हाच एक कागद आहे. तो आधी जपा."

बिल्ल्याबद्दल पुतण्याने कुठेतरी वाचले होते की, तो युद्धातल्या पराक्रमाचा. तसे नाही. नौदलाच्या वायुनौकांच्या दलासाठी हा स्मरणबिल्ला १९२० मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, सुरू झाला. तो सेवेबद्दल दिला जाई, एखाद्या छाप्याबद्दल नव्हे. त्याच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. सोबत कागद नसतील तर जाणकारसुद्धा छातीठोकपणे काही सांगत नाही.

खरा खजिना ते पुस्तक. भरती कधी, कोणत्या तुकडीत, बढती कधी, पदक कोणते, सगळे त्यात हाताने लिहिलेले. पण अक्षर जुन्या जर्मन वळणाचे. आजच्या जर्मन माणसालाही ते लागत नाही, आपल्याकडे घरातले मोडी कागद नातवंडांना लागत नाहीत तसेच. माझ्या मुलीने ते वाचणारे एक निवृत्त शिक्षक शोधून काढले. त्यांनी भिंग लावून नोंदी उलगडल्या. विल्हेल्म्सहाफेनची दुसरी वेर्फ्ट डिव्हिजन, म्हणजे जिथून नौदलाचे तांत्रिक लोक जहाजांवर जात. मग वायुनौका विभाग, नॉर्डहोल्त्सचा तळ. आणि १९१७ च्या शरदापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत 'एल ४२'.

इथे एक काळजी घ्यावी लागते. नौदल आपल्या जहाजांना 'एल' क्रमांक देई, कारखान्याचा 'एलझेड' क्रमांक वेगळा असे. 'एल ४२' कारखान्याच्या वहीत 'एलझेड ९१' आहे. भूदल तर पुढे पुढे कारखान्याच्या आकड्यात सरळ ३० मिळवी, त्यामुळे कारखान्याचे ६० हे भूदलाचे ९०. ही भानगड माहीत नसली तर माणूस भलत्याच जहाजावर चढवला जातो.

भूदल की नौदल, हा प्रश्न दुसऱ्याही कारणाने महत्त्वाचा. प्रशियाच्या भूदलाचे कागद पॉट्सडामच्या दफ्तरात होते, १४ एप्रिल १९४५ च्या ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात ते जळाले. ब्रिटिश शिपायांच्या पहिल्या महायुद्धातल्या फायली १९४० मध्ये लंडनमध्ये जर्मन बॉम्बने जळाल्या होत्या. दोन्हीकडच्या लाखो घरांतला पुरावा असा एकमेकांनी जाळला. जर्मन नौदलाचे दफ्तर मात्र कोबुर्गजवळच्या टाम्बाखच्या वाड्यात हलवले होते. ते दोस्तांच्या हाती अखंड लागले, लंडनला गेले आणि पुढे जर्मनीला परत मिळाले. आज ते फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहे. आमचा माणूस नौदलाचा, हे आमचे नशीब. जहाजांच्या युद्धडायऱ्या तिथे पाहता येतात. पुस्तकातली नेमणूक आणि जहाजाच्या मोहिमा शेजारी ठेवल्या की आयुष्याचा तो तुकडा दिसू लागतो.

'एल ४२' चा कप्तान मार्टिन डीट्रिश. जहाज उंच चढावे म्हणून एक इंजिन काढून पाचच ठेवलेली, एकेक २४० अश्वशक्तीचे मायबाख. पाच हजार मीटरच्या वर हवा विरळ होते, इंजिनाचा दम जातो, कडाक्याच्या थंडीत रेडिएटरचे पाणी गोठायला बघते, माणसाला प्राणवायूची नळी लागते. गोंडोल्यात, म्हणजे वायुनौकेखाली टांगलेल्या इंजिनाच्या खोलीत, मशिनिस्ट तासन् तास इंजिनाच्या धुरात आणि गोंगाटात, आणि कप्तानाचा हुकूम येई तो जहाजावर असतो तशाच टेलिग्राफच्या घंटेवर. ती घंटा मी आयुष्यभर ऐकली आहे. पण माझ्या पायाखाली पोलाद होते आणि डोक्यावर हायड्रोजन नव्हता. जून १९१७ मध्ये 'एल ४२' आणि 'एल ४८' एकाच रात्री इंग्लंडवर गेले. 'एल ४८' सफोकमध्ये थेबरटनला जळत कोसळले. सांगाड्यातून तिघेच जिवंत बाहेर आले, त्यातला एक हाइनरिश एलरकाम नावाचा मशिनिस्ट होता. ही गोष्ट आमच्या आजोबांच्या नेमणुकीच्या काही महिने आधीची. ते 'एल ४२' वर रुजू झाले तेव्हा नॉर्डहोल्त्समध्ये ती ठाऊक नाही असा कुणी नसणार.

आणि लंडन? त्यांच्या काळात 'एल ४२' ने गाठले ते वेस्ट हार्टलपूल, ईशान्य इंग्लंडमधले बंदर. १३ मार्च १९१८ ची रात्र. वारा फिरल्यामुळे विभागप्रमुख पेटर श्ट्रासर यांनी जहाजे परत बोलावली होती. डीट्रिश अंधार पडेपर्यंत किनाऱ्यापासून दूर थांबला आणि मग शहरावर गेला. आठ माणसे मेली. हे बाईंना सांगायचे की नाही, यावर मुलीचे आणि माझे बोलणे झाले. आम्ही सांगितले. बाई म्हणाल्या, लंडनपेक्षा हे बरे की वाईट ते मला कळत नाही, पण आता खोटे सांगावे लागणार नाही. त्यांनी ते गाव नकाशात शोधले आणि नाव प्रमाणपत्राच्या पाकिटावर लिहून ठेवले. युद्धभरात झेपेलिनांच्या बॉम्बने इंग्लंडमध्ये साडेपाचशेवर माणसे गेली, त्यात बायका-मुलेही होती. आणि वरून जळून पडलेल्यांतल्या चार जहाजांचे लोक आज स्टॅफर्डशायरमधल्या कॅनक चेसच्या जर्मन दफनभूमीत आहेत. कागद वाचायचे तर दोन्ही बाजू वाचाव्या लागतात.

ड्युरॅल्युमिनचा तुकडा कुठला, याचाही धागा मिळतो. जर्मन आरमाराने स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो या ब्रिटिश तळावर आपलीच जहाजे बुडवली, त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ जून १९१९ रोजी, नॉर्डहोल्त्सच्या लोकांनी हँगरमध्ये टांगून ठेवलेल्या वायुनौका जमिनीवर सोडून दिल्या. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. त्यात 'एल ४२' होती. तिचा कणा मोडला, आणि मोडतोडीतले तुकडे लोकांनी घरी नेले.

पुतण्याने हे सगळे ऐकल्यावर लिलावाचा विचार सोडला. तसेही, आयर्न क्रॉस वेगळा, बिल्ला वेगळा, पुस्तक वेगळे असे विकले असते तर हा माणूस कुणालाच पुन्हा जुळवता आला नसता.

आता आपल्या वाचकाकडे येतो. त्यांच्या घरातली पदके जर्मन पदकांसारखी मुकी नाहीत. ब्रिटिशांनी आपल्या शिपायांना दिलेल्या चांदीच्या वॉर मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. व्हिक्टरी मेडलच्या कडेवरही. १९१४-१५ चा स्टार असेल तर ती अक्षरे पाठीवर असतात. मजूर-हमालांच्या तुकड्यांना वॉर मेडल ब्रॉन्झचे मिळे, म्हणून चांदी नाही तर काही नाही असे समजू नये. तिरप्या उजेडात कड धरा, मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. १०३, ११० किंवा ११७ मराठा असे काही दिसले तर त्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पूना डिव्हिजनमध्ये होत्या, आणि कुटचा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला तेव्हा तिथे होत्या. पणजोबा तिकडे वारले असतील तर युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधा. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव आणि तालुकासुद्धा आहे. बसऱ्याच्या स्मारकावर आपल्या शिपायांची नावे दगडात कोरलीच नाहीत, ब्रिटिशांची कोरली. ती सल मला आजही बोचते. अशा वेळी घरातल्या पदकाची कड हीच काही घरांपाशी उरलेली एकमेव कोरलेली ओळ असते.

चिंच-मिठाने घासू नका, अक्षरे झिजतात. फीत बदलू नका. पदके, पेन्शनचा कागद, असेल तो फोटो, सगळे एका डब्यात ठेवा आणि आजीला जे आठवते ते तारखेसह लिहून त्यातच टाका.

त्या वाचकाने कडेचे फोटो आपल्या कार्यालयाकडे पाठवले तर कृपया ते माझ्याकडे पाठवावेत. अक्षरे लावून, पलटण कुठे लढली ते मी लिहून कळवीन. इतर कुणाच्या घरी अशी पदके असतील तर त्यांच्यासाठीही माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक, सातारा
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, छापू नये ही विनंती.)