२४ सेकंदांचे इंग्रजी

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका महाविद्यालयात मी १९ वर्षे इंग्रजी शिकवते. प्रथम वर्षाच्या वर्गात १२० मुले-मुली आणि तास ४८ मिनिटांचा. मी तासभर गप्प बसून फक्त मुलांना बोलू दिले, तरी एकेकाच्या वाट्याला २४ सेकंद येतात. हजेरी घेतली की तेवढेही उरत नाहीत. यातली बरीच मुले घरी भिली, पावरी नाहीतर अहिराणी बोलतात. त्यांना मराठीसुद्धा शाळेनेच दिली, इंग्रजी त्यानंतरची.

आमच्याकडे लँग्वेज लॅब आहे. २० संगणक, हेडफोन, काचेचे दार. सॉफ्टवेअरचा परवाना संपला, नूतनीकरणाला पैसे आले नाहीत, निम्म्या हेडफोनचे माइक गेले. आता ती खोली बहुतेक वेळ कुलूपबंद असते. अशा खोल्या मी इतर महाविद्यालयांतही पाहिल्या आहेत. खरेदीला निधी मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही.

म्हणून मी मुलांच्या हातातल्या फोनकडे वळले. दर आठवड्याला एक विषय देते आणि त्यावर दोन मिनिटे इंग्रजीत बोलून व्हॉइस नोट पाठवायला सांगते. मक्याची काढणी कशी होते हे परक्या माणसाला समजावून सांगा, चुकलेल्या एसटीबद्दल आगारप्रमुखांकडे तक्रार करा, असे विषय. पहिल्या महिन्यात निम्म्या मुलांनी पाठांतर म्हणून दाखवले. मग एका मुलीने सांगितले, ‘मॅडम, मी सात वेळा रेकॉर्ड केलं आणि सहा वेळा पुसलं.’ ते ऐकून मला फार बरे वाटले. स्वतःचा आवाज ऐकायचा, चूक हेरायची, पुन्हा बोलायचे. शिकणे त्या पुसलेल्या सहा वेळांतच झाले होते. भर वर्गात, सगळ्यांच्या नजरा अंगावर असताना, ती सात वेळा कधीच बोलली नसती.

फोनचे व्हॉइस टायपिंगही कामाला येते. इंग्रजीतले v आणि w हे दोन वेगळे उच्चार बरीच मुले एकाच ‘व’ने म्हणतात. ‘व्हेट’ म्हणजे गुरांचा डॉक्टर आणि ‘वेट’ म्हणजे ओले, हा फरक मुलांना फळ्यावरून कळत नव्हता. पडद्यावर भलताच शब्द उमटला की ‘व्हेट’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लावायचा असतो हे त्यांचे ती शोधून काढतात. पण यंत्राचाही कान तोकडा आहे. उच्चार तपासणाऱ्या एका ॲपने एका मुलाची वाक्ये पुन्हा पुन्हा लाल केली आणि तो पंधरा दिवस काही बोललाच नाही. मी ऐकले तर त्याचे बोलणे स्वच्छ कळत होते. यंत्राला न कळलेले सगळेच चूक नसते, हे सांगायला तिथे माणूस लागतो.

आणि तो माणूस सरकारी हिशेबात कुठेच नाही. १२० मुलांच्या दोन-दोन मिनिटांच्या नोंदी म्हणजे आठवड्याला चार तास नुसते ऐकणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. त्यात हे ऐकणे मोजले जात नाही. माझा पगार नियमित आहे, मी रात्री बसून ऐकते. पण माझे तासिका तत्त्वावरचे सहकारी वर्गातल्या तासापुरतेच मानधन घेतात. त्यांना मी हे काम कोणत्या तोंडाने सांगू?

अभ्यासक्रम ऑनलाइन आहेत, मग अडचण काय, असे आपले अधिकारी म्हणतील. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर चांगली व्याख्याने आहेत, मी मुलांना ती दाखवते. पण १९८४ साली दूरदर्शनवर आयोगाची ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाली तेव्हाही मुले पडद्यापुढे बसून ऐकतच होती. चाळीस वर्षांनी पडदा लहान होऊन खिशात आला, तरी बोलणारा अजून पलीकडेच आहे.

दुसरी गाठ परीक्षेची. आमच्याकडच्या पेपरात बोलण्याला एकही गुण नाही. मुले गाइड पाठ करतात आणि अंतर्गत गुणांचा निबंध आता एआयकडून लिहून आणतात. त्यांना दोष कसा देऊ? ज्याला गुण, त्याचाच अभ्यास होतो.

अभ्यासक्रम विद्यापीठाची अभ्यास मंडळे ठरवतात, हे मला ठाऊक आहे. तरी अनिवार्य इंग्रजीत २० गुण तोंडी परीक्षेला ठेवा, असे आपण कुलगुरूंच्या बैठकीत सांगू शकता. मुलांच्या नोंदी ऐकण्याचे तास कार्यभारात धरावेत आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना त्याचे मानधन मिळावे, यासाठी शासन निर्णय मात्र आपल्याच खात्यातून निघायला हवा. नव्या लॅबसाठी आम्ही मागणी करत नाही. आहेत त्यांच्या दुरुस्तीला दरवर्षी थोडी ठरलेली रक्कम द्या. आणि महाविद्यालयात पाच-सहा साधे फोन ठेवू द्या. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या घरी फोन एकच असतो आणि तो भावाच्या हातात असतो. त्यांची व्हॉइस नोट येते तीच रात्री अकरानंतर, दबक्या आवाजात.

गेल्या जुलैतली आणि या मार्चमधली ध्वनिमुद्रणे मुलांच्या परवानगीने मी जपून ठेवली आहेत. आपण वेळ द्याल त्या दिवशी मंत्रालयात येऊन ती ऐकवीन. अर्धा तास पुरेल.

आपली विश्वासू,
इंग्रजीची एक प्राध्यापिका